‘ह्यूब्रिस’ आणि आपला ‘माज’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील एका लेखात राजकारण्यांच्या वर्तनाविषयी ‘ह्यूब्रिस’ हा इंग्रजी शब्द आला असून त्याचा अर्थ ‘अहंकार’ असा दिला आहे. तो अगदीच चूक म्हणता येणार नाही. यशाने डोके फिरून मर्यादा सुटणे आणि त्यातूनच पुढे नाश ओढवणे, अशा अर्थाने आजच्या इंग्रजीत तो रूढ आहे. मात्र ज्या ग्रीक भाषेतून हा शब्द आला, तिच्यात ती मनातली भावना नसून केलेली कृती होती आणि अथेन्सच्या कायद्यात तो गुन्हा होता. काही लाभ व्हावा असा हेतू नसताना, केवळ आपण वरचढ असल्याच्या सुखासाठी दुसऱ्याची मानखंडना करणे, अशी त्याची फोड ॲरिस्टॉटलने केली आहे; अशी मानखंडना गुलामाची झाली तरीसुद्धा कोणाही नागरिकाला फिर्याद करता येत असे.

गेल्या हंगामात येथील मोंढ्यात एका व्यापाऱ्याच्या तरुण मुलाने एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या ढिगातले मूठभर सोयाबीन उचलून त्याच्याच पायांवर फेकले आणि नंतर तोच माल सर्वांच्याच भावाने घेतला. फेकण्यातून त्याला एक रुपयाही सुटला नाही. माझ्या शेजारचा हमाल एवढेच म्हणाला, “लई माज आलाय.” ॲरिस्टॉटलची व्याख्या इतक्या थोडक्यात मी अन्यत्र ऐकलेली नाही.

अहंकार माणसाला नुसता ‘असतो’. माज मात्र येतो, चढतो, लोक तो करतात आणि तो उतरवलाही जातो. पैठणला गोदास्नान करून परतणाऱ्या एकनाथ महाराजांवर पुन्हापुन्हा थुंकणाऱ्या माणसाची कथा आपण नाथांच्या शांतीसाठी सांगतो, पण त्या माणसाचे कृत्य या जुन्या ग्रीक अर्थात तंतोतंत बसते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीमध्ये दंभ, दर्प आणि अभिमान वेगवेगळे मोजले आहेत. (त्यांतला ‘अभिमान’ आज आपण सत्काराच्या फलकांवर लिहितो, हा भाग वेगळा.)

‘माज’ हा शब्द बैल-रेड्यांच्या संगतीतला असल्याने अग्रलेखाला तो रांगडा वाटेल, याची मला कल्पना आहे. तसे असल्यास ‘उन्माद’ किंवा ‘दर्प’ वापरावा. ‘अहंकार’ मात्र या ठिकाणी फार सौम्य पडतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, परभणी