आधी क्युसेक, मग भांडण

पावसाळा लागला की पुण्यातला, मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतोच. तो आजचा की चार वर्षांपूर्वीचा, असं विचारणारा मात्र 'निगेटिव्ह' ठरतो. पाठोपाठ पानशेत धरणफुटीची भीती घालणारे येतात. 12 जुलै 1961 ची जखम या शहराला आहे, म्हणूनच ते नाव असं वापरलेलं जास्त खटकतं.

मग वाद रंगतो: 'धरणातून एवढं पाणी सोडलं, तर उन्हाळ्यात कपात का?' प्रश्न रास्त आहे. पण भांडणारे क्युसेक आणि टीएमसी यांची सरमिसळ करतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफुटांचा साठा. 11,574 क्युसेकचा विसर्ग सलग 24 तास चालला, तर एक टीएमसी पाणी जातं. खडकवासला धरणात मुळात वापरण्याजोगं पाणी दोन टीएमसीही मावत नाही. वरची धरणं भरून वाहू लागली की आलेलं पाणी पुढे सोडावंच लागतं. हा हिशोब मोबाइलवर होतो. तो करण्याआधी 'तुम्ही कोणत्या पक्षाचे?' असं विचारलं जातं. (हॉटेलच्या बिलात दोन रुपये जास्त लागले तर हीच मंडळी मॅनेजरला बोलावतात!)

जलसंपदा विभागाला एक विनंती. विसर्गाच्या आकड्याला लागूनच तारीख आणि वेळ छापावी. स्क्रीनशॉट फिरवताना नेमकी तीच ओळ कापली जाते.

— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे