मॅडम, ह्यांची झोप परत आणल्याबद्दल तुमचे आभार

मॅडम नमस्कार,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे माहितीय. पण सोलापुरातल्या त्या व्यसनमुक्ती सेंटरात ज्यांच्या घरचं कुणी राहून आलंय त्यांना कोण ते लगेच कळेल. पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणूनच असं उघड लिहितेय.

दारू सुटली की माणूस गाढ झोपणार असं आमच्या घरात सगळेच धरून चालले होते, सासूबाई तर म्हणायच्या आता झोपू दे लेकराला पोटभर. झालं उलटंच. वॉर्डात तिसऱ्या रात्री हे पलंगावर उठून बसले आणि हवेत बोटं फिरवायला लागले, मी म्हटलं काय करलालाव ओ, तर म्हणतात ताण्याचे धागे तुटलेत, जोडतोय, लूम थांबलंय, शेठ ओरडेल. सगळं आयुष्य पॉवरलूमवर गेलेला माणूस, दोन बोटांत नसलेला धागा धरून गाठ मारतोय, अंगाला दरदरून घाम आणि समोर मी उभी तर मला ओळखेना. डॉक्टरांनी येऊन औषध वाढवलं, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं चालूच होती, आणि तुम्ही मला बाहेरच्या बाकड्यावर बसवून सांगितलं की रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असा भ्रम होऊ शकतो, फिट येऊ शकते, जिवावरसुद्धा बेतू शकतं, म्हणून घरात कोंडून दारू सोडवायची नसते. आमच्या अशोक चौकाकडं अजून कितीतरी घरांत हे माहितीच नाही हो.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. आठवडे गेले तरी झोप नाही. बारा वाजले, दोन वाजले, ह्यांच्या येरझाऱ्या चालूच, नळाला पाणी यायची रात्र असली तर निदान बॅरल भरण्यात तासभर जायचा. दिवसा डोळे लाल, पोरांवर चिडचिड. नातेवाईकांचे सल्ले काय सांगू तुम्हाला, एकजण म्हणाला थोडीशी घेऊ दे रात्रीची, औषध म्हणून, दुसऱ्यानं मेडिकलमधून झोपेच्या गोळ्यांची पट्टीच आणून दिली. तेव्हा तुम्हाला फोन केला म्हणून वाचलो. तुम्ही म्हणालात दारूनं डोळा लवकर लागतो पण पुढच्या अर्ध्या रात्रीची झोप तीच मोडते, आणि त्या गोळ्या मेंदूत जवळपास दारूच्याच जागी काम करतात, वॉर्डात डॉक्टर मोजून देतात आणि कमी करत बंद करतात ते वेगळं, मनानं घेतल्या तर एक सवय जाऊन दुसरी लागेल. आणि झोप का येत नाही तेही सांगितलंत, की दारू वर्षानुवर्षं मेंदूला दाबून ठेवते, तो तिच्याविरुद्ध जोर लावत राहतो, दारू गेली तरी तो जोर लगेच उतरत नाही, काही आठवडे जातात, काहींना महिने लागतात. हे ऐकून ह्यांचा चेहराच बदलला. तोवर ह्यांना वाटत होतं आपलं डोकंच कायमचं बिघडलं, दारूशिवाय आपल्याला झोप नाहीच.

मग ती स्वप्नं. एका रात्री तीनच्या सुमाराला मला हलवून उठवलं, तोंड माझ्या नाकापाशी आणलं आणि म्हणाले वास घे, मी पिलोय का बघ. हात गार पडलेले. स्वप्नात बारमध्ये बसून पिऊन आले होते आणि ते इतकं खरं वाटलं होतं की आता सगळं संपलं म्हणून रडत होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बोलावून घेतलंत, दारू स्वप्नांची झोप दाबून ठेवते, सुटली की ती उसळून वर येते, खूप जणांना पिण्याची स्वप्नं पडतात आणि स्वप्नात पिणं म्हणजे पिणं नव्हे, असं ह्यांच्या डोळ्यात बघून सांगितलंत. त्या दिवसापासून ते स्वप्न पडलं तरी उठून पाणी पितात आणि परत आडवे होतात.

तुमचे नियम कडक होते पण पाळले. रात्री बाराच्या आधी अंथरुणाला पाठ लावायची नाही, सकाळी सहाला उठायचंच, मग रविवार असो नाहीतर गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी. झोप आली नाही तर कूस बदलत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. दुपारचा डुलका बंद, चारनंतर चहा बंद (हे ह्यांना दारूपेक्षा जड गेलं असं मला खरंच वाटतं). रोजची झोप वहीत लिहायची, आणि झोप भरायला लागली की पाव-पाव तासानं वेळ वाढवायची. याला सीबीटी-आय, म्हणजे झोप न येण्यावरचा सवयी आणि विचार बदलायचा उपचार, म्हणतात हे तुमच्याकडूनच कळलं. घोरण्याचं विचारून तुम्ही तपासणीलाही पाठवलंत, ते कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

पण सगळ्यात मोठं काम म्हणजे तुम्ही शेठला स्वतः फोन केलात. रातपाळी करून आलं की उजेडात झोप येत नाही म्हणून प्यायची, तिथूनच तर सगळं सुरू झालं होतं. मी बोलले असते तर शेठनी ऐकलं नसतं, तुम्ही समजावलंत की झोप मोडत राहिली तर माणूस परत पिण्याची भीती जास्त असते, आणि ह्यांना कायमची दिवसपाळी मिळाली. पगार थोडा कमी झाला, होऊ दे.

आता झोप रोज चांगली लागते असं नाही, मधेच एखादी रात्र जाते, उन्हाळ्यात तर गच्चीवरसुद्धा तगमग होते. पण घाबरत नाहीत. एकदा फारच अस्वस्थ झाले तेव्हा तुम्ही लिहून दिलेल्या १४४१६ वर, त्या टेलिमानसला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, मध्यरात्री फोन लावला, मराठीत बोलले, बरं वाटलं.

मॅडम, एक विनंती आहे. नवीन पेशंटच्या घरच्या बायका येतात ना मीटिंगला, त्यांना झोपेचं पहिल्याच दिवशी सांगायला मला येऊ द्या, ह्यांची वहीपण घेऊन येते, ह्यांनी हो म्हटलंय. रविवारी कधीही बोलवा, मी मोकळी असते.

तुमची,
अशोक चौकातली एक बहीण