आजीचं प्रेम काय लहान होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत एका नव्या फँटसी कादंबरीचं तोंडभर कौतुक वाचलं आणि ती लगोलग वाचून काढली. निम्मं कौतुक पटलं. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

कल्पना झकास आहे. माणूस मेला की त्याचं नाव एका नदीकडे ठेव म्हणून सोपवायचं. ती नावं राखणाऱ्या बायकांचं एक घराणं. त्यातलं नाव कुणी मोठ्यानं उच्चारलं तर मेलेला घटकाभर परततो, पण हाक मारणाऱ्याची एक आठवण कायमची पुसली जाते. नायिकेच्या आजीनं मेलेल्या नवऱ्याला इतक्यांदा हाक मारलीय, की आता तो समोर येऊन उभा राहिला तर ती अदबीनं विचारते, ‘आपण कुणाकडले?’ अर्ध्या पानाचा प्रसंग. मी दोनदा वाचला. त्यात जेवढं प्रेम आहे, तेवढं पुढच्या तीनशे पानांत नाही.

कारण लवकरच करड्या डोळ्यांचा नायक येतो. पहिल्या भेटीत भांडण, दुसरीत जखमेवर पट्टी, तिसरीत ‘तुझ्याशिवाय जगणं नाही’. मधे किती दिवस गेले ते मी मोजले. चार! नदीकडे पहिलं नाव कुणी सोपवलं, घराण्यातल्या बाकीच्या बायकांचं काय झालं, सगळं वाऱ्यावर.

तेही चालवून घेतलं असतं. पण शेवटी नायक मरतो, नायिका त्याचं नाव घेते, तो कायमचा परत येतो आणि तिची एकही आठवण जात नाही. का, तर म्हणे त्यांचं प्रेम नदीहून मोठं! अहो, मग आजीचं काय लहान होतं?

पुराणकथांना प्रेमाचं वावडं नाही. महाभारताच्या आदिपर्वातली कच-देवयानीची गोष्ट घ्या. कच हा दैत्यगुरू शुक्राचार्यांचा शिष्य, देवयानी त्यांची मुलगी. दैत्यांनी तिसऱ्यांदा कचाला मारून त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजली. त्याला जिवंत करा, असा देवयानीनं हट्ट धरला, पण कच बापाच्या पोटात. तो बाहेर येणार म्हणजे गुरू मरणार. म्हणून पोटातल्या शिष्यालाच संजीवनी, म्हणजे मेलेल्याला उठवणारी विद्या, शिकवावी लागली; बाहेर येऊन त्यानं गुरूंना उठवलं. पुढे देवयानीनं लग्नाची गोष्ट काढली, तेव्हा कचानं तेच पोट पुढे केलं: तुझ्या बापाच्या पोटातून मी आलो, तू माझी बहीण. तिनं हट्टानं मिळवलेला चमत्कारच तिच्या आड आला. त्याच पर्वातला रुरूही सर्पदंशानं गेलेल्या प्रमद्वरेला परत आणतो, पण स्वतःचं निम्मं आयुष्य मोजून. इथे नायिकेला फुकटात सूट.

कादंबरीचा दुसरा भाग येतोय म्हणतात. आजी अजून जिवंत आहे, तेवढ्या आशेवर तो घेईन.

आपला,
एक नियमित वाचक