सुमे, पोरीसाठी औषध आलं तर?

प्रिय सुमे,

माझं बीपी ठीक, सासूबाईंचा गुडघा तसाच. आता मुद्द्याचं, कारण हे तुझ्याशिवाय कोणाशी बोलू?

तान्ह्या पोळ्याला पिंकू नंदी घेऊन निघाली. बाकीची पोरं बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतला की पुढच्या दाराला. ही प्रत्येक घरात आत जाऊन बसली, एका आजोबांचे पाय चेपून दिले, आणि शेवटी कुठल्याशा फुगेवाल्याचा हात धरून चालायला लागली. मी किंचाळले. का किंचाळले, ते तिला कळलंच नाही.

रिपोर्ट तू वाचलाच आहेस. विल्यम्स सिंड्रोम, सातव्या गुणसूत्राच्या एका प्रतीतून पंचवीसेक जनुकं गळालेली. अनोळखी माणसांनाही असं चिकटणं त्यातलंच. इलास्टिनचं जनुक त्यातच गेलं म्हणून महाधमनीपाशी अरुंद आहे. त्याकडे डॉक्टर बघतात, इको होत असतो. हे बहुतेक वेळा बीज तयार होतानाच घडतं, ना माहेरचं ना सासरचं, हे सांगून मी थकले. सासूबाईंचं एकच, "आमच्यात असं कोणी नव्हतं बाप्पा."

माझी झोप उडवली ती बोअझ बराक आणि गुओपिंग फेंग यांच्या 2019 च्या पेपरनं. त्यांनी उंदरांच्या पुढच्या मेंदूतल्या चेतापेशींमधून जीटीएफटूआय हे एकच जनुक काढलं. पिंकूच्या गळालेल्यांतलंच ते. त्या पेशींच्या तंतूंवर मायलिनचं आवरण, वायरवर असतं तसं, नीट चढलं नाही, आणि उंदीर अनोळखी उंदरांना जरा जास्तच चिकटायला लागले. मग क्लेमास्टीन दिलं, जुनं अ‍ॅलर्जीचं औषध, मायलिन वाढवणारं. उंदीर इतरांसारखे वागू लागले! हे ऐकून आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न, "मेडिकलमध्ये भेटते काय?" अहो, उंदरांचं आहे ते, मुलांचं नाही.

याच भागातल्या जनुकांचे फरक 2017 साली कुत्र्यांच्या माणसाळलेपणाशीही जोडले गेलेत. हे घरात बोलले नाही. दीर लगेच नाव ठेवेल.

पण उद्या मुलांसाठी असं औषध आलंच, तर देऊ? ती सोळाची झाल्यावर तिच्या मागे मी कुठवर धावणार? तेव्हा वाटतं, द्यावं. आणि बालवाडीत कुणी रडलं की पहिली हीच उठते, ते बघितलं की वाटतं, एवढं पुसून टाकायचा मला काय अधिकार? त्याहून वाईट म्हणजे, मला मिठी मारते ती आई म्हणून, की मी समोर दिसले म्हणून? हॉस्टेलवर तू म्हणाली होतीस, प्रेम म्हणजे नुसतं रसायन, आणि मी चप्पल फेकली होती. अजून फेकीन. ताप चढला की ती मलाच हुडकते, फुगेवाल्याला नाही. हे तुझ्या मायलिनमध्ये कुठं बसतं ते सांग.

बदलीचं काय झालं? घर मिळालं? लेकाच्या दहावीवरून त्याला छळू नकोस.

दिवाळीत ये. तर्री पोहे खाऊ, भांडू. पिंकू येताच तुझ्या मांडीवर बसेल. फुगून जाऊ नकोस, ती मीटर बघायला येणाऱ्याच्याही बसते.

तुझी,
वंदी