‘गुप्तरोग’ हा शब्द आता तरी सोडावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एस. टी. स्थानकाच्या आवारात आणि गावोगावच्या भिंतींवर ‘गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज’ अशा जाहिराती आजही दिसतात. सरकारी रुग्णालयात अनेक वर्षे समुपदेशक म्हणून काम करताना मी असे असंख्य रुग्ण पाहिले, जे आधी त्या भिंतीवरच्या पत्त्यावर गेले होते आणि आमच्याकडे फार उशिरा आले.

उपदंशाचेच (सिफिलिसचेच) पाहा. जननेंद्रियावर उठलेली, न दुखणारी जखम काही आठवड्यांत कोणत्याही औषधाविना भरून येते. त्यामुळे चूर्ण घेणाऱ्याला गुण आला असे वाटते, पण जंतू शरीरातच राहतात आणि पुढे कित्येक वर्षांनी हृदयाला किंवा मेंदूला इजा करू शकतात. वास्तविक हा आजार सुरुवातीलाच ओळखला, तर बहुधा पेनिसिलिनच्या एकाच इंजेक्शनने बरा होतो. स्त्रियांची स्थिती अधिक बिकट असते, कारण परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गांची लक्षणे त्यांच्यात पुष्कळदा दिसतच नाहीत. गर्भनलिकांना इजा होऊन मूल राहत नाही, तेव्हा ‘वांझ’ हा शिक्का मात्र तिच्याच कपाळी बसतो. नवरा कोणाला न सांगता एकटाच उपचार घेतो आणि बायकोला संसर्ग तसाच राहिल्याने तो पुन्हा आजारी पडतो, हेही मी वारंवार पाहिले आहे. उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचे असतात.

समलिंगी पुरुष आणि पारलिंगी व्यक्ती तर केसपेपर काढतानाच बिचकतात. संसर्ग घशात किंवा गुदद्वारातही होतो, परंतु संबंध कोणाशी व कसे आले हे डॉक्टरांनी सहजपणे विचारले नाही, तर तिथली तपासणी राहून जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि 2018 साली प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. रुग्णालयाच्या खिडकीवरची नजर मात्र अजून बदललेली नाही.

ज्या महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरे दिली आणि त्याबद्दल त्यांच्यावर झालेल्या 1934 च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तिथे आपण अजून या आजारांचे नाव उच्चारायला कचरतो, याचे मला मनापासून दुःख होते. रुग्णाचे नाव गोपनीय राहिलेच पाहिजे. आजार गुप्त ठेवण्याचे काहीही कारण नाही.

सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये या आजारांची तपासणी व औषधे मोफत मिळतात, आणि 1097 या मोफत क्रमांकावर एचआयव्हीविषयी माहिती व सल्ला मिळतो. आपल्या दैनिकाने ‘गुप्तरोग’ हा शब्द बातम्यांतून व छोट्या जाहिरातींतून वगळून ‘लैंगिक संसर्ग’ असा शब्द वापरावा आणि आरोग्य पुरवणीत या केंद्रांची जिल्हावार यादी छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक, सातारा