बंद गाडीतला धोका हवेचा नाही, उष्णतेचा

महोदय,

लहान मुलं बंद गाडीत दगावली की बातमीत जवळजवळ ठरलेला शब्द येतो, 'गुदमरून'. जून २०२३ मध्ये नागपुरात पाचपावली भागातली तीन मुलं, एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला पाच आणि सात वर्षांची बहीण-भाऊ, मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात विजयनगरम जिल्ह्यातली चार मुलं. या बातम्यांतही बहुतेक ठिकाणी हाच शब्द होता. तो वाचून आईबापांच्या मनात पक्कं बसतं की गाडीतला धोका म्हणजे हवा संपणं. मग काच दोन बोटं खाली ठेवली की झालं, अशी समजूत होते. ही समजूत जिवावर बेतणारी आहे, म्हणून हे पत्र.

मुलाला उभ्या गाडीत एकटं ठेवावं का, याला आमचं उत्तर सरळ आहे. पहिली-दुसरीपर्यंतच्या मुलाला एक मिनिटही ठेवू नये. सावलीत नको, थंडीच्या दिवसांत नको, एसी चालू असला तरी नको. पण नुसतं 'नको' म्हटलेलं कुणी मनावर घेत नाही, कारण कळलं तर घेतात.

आधी हवेचा हिशेब करू. मध्यम आकाराच्या गाडीत सुमारे ३,००० लिटर हवा असते, त्यात प्राणवायू ६३० लिटर. पंधरा किलोचं मूल शांत बसलं तर तासाला साधारण ६ लिटर प्राणवायू वापरतं, रडलं-धडपडलं तर तिप्पट धरा. अशी तीन मुलं कोंडली गेली तरी तासाला ५० ते ५५ लिटर. गाडी मेण लावून बंद केल्यासारखी हवाबंद मानली तरी प्राणवायू २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर यायला तीन तासांहून जास्त लागतात. आणि गाडी हवाबंद नसतेच. मागच्या बंपरच्या आत पत्र्यात रबरी झडपा बसवलेल्या असतात. दार आपटताना आतली हवा त्यांतूनच बाहेर पडते, म्हणून तर दार सहज लागतं. उष्णतेचं काम मात्र तासाच्या आत होऊ शकतं. उष्माघाताची अशी खास खूण शवविच्छेदनात सापडत नाही. आतल्या अवयवांवरचे रक्ताचे बारीक ठिपके श्वास कोंडून झालेल्या मृत्यूतही दिसतात. त्यामुळे 'गुदमरून' हा शब्द सहज चिकटतो आणि तसाच छापला जातो.

गाडी तापते ती बाहेरच्या हवेमुळे कमी, काचेतून आत येणाऱ्या उन्हामुळे जास्त. ऊन काच ओलांडतं, डॅशबोर्ड आणि सीट ते पितात, तापतात आणि आतली हवा तापवतात. ही गरम हवा वर जाऊन निघून जाऊ शकत नाही, छत आणि काचा तिला धरून ठेवतात. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापात बाहेर २२ ते ३६ अंश असताना गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच पूर्ण बंद असताना दर पाच मिनिटांना १.९ अंश वाढ, काच थोडी उघडी ठेवली तर १.७ अंश. दोन बोटं काच उघडी ठेवल्याने जो फरक पडतो तो एवढाच.

म्हणजे डिसेंबरात, बाहेर २८ अंश असताना, उन्हात उभी असलेली गाडी आतून ५० अंशांना टेकू शकते. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यात शेतमजुराची चार मुलं उभ्या गाडीत दगावली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. तेव्हा कुठला उन्हाळा होता?

सावलीचं म्हणाल तर २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी कडक उन्हाळ्यात तेही मोजलं. तासाभर उन्हात उभ्या गाडीत हवा ४७ अंश, डॅशबोर्ड ६९, स्टिअरिंग ५३, सीट ५१. सावलीतल्या गाडीत हवा ३८. त्यांच्या गणिताप्रमाणे दोन वर्षांच्या मुलाच्या अंगाचं तापमान ४० अंशांवर जायला उन्हात सुमारे एक तास लागतो, सावलीत दोन तासांच्या आत तेच होतं. शिवाय दुपारी बाराची सावली दीडला तिथे नसते.

४० अंश ही उष्माघाताची वेस. मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं, कारण वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त आणि घाम कमी. कोकणात, गोव्यात, मुंबईत हवा मुळातच दमट. बंद गाडीत घाम सुकतच नाही आणि न सुकलेला घाम अंग थंड करत नाही. त्यात बाळ पट्ट्यात बांधलेलं असतं, त्याला झबलंसुद्धा काढता येत नाही. आधी ते रडतं, चिडतं, लालबुंद होतं. मग मलूल होऊन गप्प पडतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, झोप लागली. हे गप्प होणंच सगळ्यात वाईट लक्षण आहे.

'एसी चालू ठेवून गेलो होतो' हे बरेचदा ऐकू येतं. ऑटो स्टार्ट-स्टॉप असलेल्या, म्हणजे उभी राहिली की इंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाडीत इंजिन थांबलं की कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गारवा करणारा पंप, थांबतो. पंखा फिरत राहतो आणि आधी कोमट, मग गरम हवा फेकतो. साध्या गाडीतही उभ्या जागी कंडेन्सरला, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला, वारा लागत नाही. रेडिएटरचा पंखा कमजोर असेल तर इंजिन तापतं, आणि इंजिन वाचवायला गाडीचा कॉम्प्युटर कॉम्प्रेसर बंद करतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येतो; त्याला ना रंग, ना वास. शिवाय मूल गप्प बसत नाही. हँडब्रेकचं बटण दाबलं जातं आणि उतारावर गाडी सुटते. मूल काचेबाहेर डोकं काढून गुडघा पॉवर विंडोच्या बटणावर टेकवतं, काच वर येते. अडथळा लागला की थांबणारी काच बऱ्याच गाड्यांत फक्त ड्रायव्हरच्या दाराला असते. किल्ली आत आणि लॉकचं बटण मुलाने दाबलं, हा प्रकार तर नेहमीचाच. बऱ्याच गाड्या रिमोटने उघडून साधारण ३० सेकंदांत दार उघडलं नाही तर स्वतःहून पुन्हा लॉक होतात, हेही लक्षात असू द्यावं.

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं त्याबद्दल. वर सांगितलेल्या आपल्याकडच्या चारही घटनांत मुलांना गाडीत कुणी ठेवलं नव्हतं. ती खेळताखेळता उभ्या गाडीत शिरली आणि बाहेर पडू शकली नाहीत. हे कसं होतं ते गाडीचं मागचं दार उघडून बघावं. दाराच्या कडेला, कुलुपाच्या खाली, एक बारीक खटका असतो. तोच चाइल्ड लॉक. तो लावलेला असला की दार बाहेरून उघडतं, आतलं हँडल ओढून उघडत नाही. मूल बाहेरून दार उघडून आत जातं, दार ओढून घेतं, संपलं. धूळ खात पडलेल्या गाडीची बॅटरी उतरलेली, त्यामुळे पॉवर विंडो चालत नाही. जुन्या गाडीत काच फिरवायची मूठ गळून पडलेली आणि आतल्या हँडलची केबल तुटलेली. काचांवर धुळीचा थर किंवा काळी फिल्म, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही.

बॅटरी उतरली की सेंट्रल लॉक मरतं हे मालकाच्या ध्यानात येत नाही. किल्ली फिरवली तर फक्त ड्रायव्हरचं दार लागतं, बाकीची तीन उघडीच राहतात. अशा गाडीत प्रत्येक दाराची खुंटी आतून हाताने दाबून मग दार लावावं, शेवटी ड्रायव्हरचं दार किल्लीने बंद करावं आणि डिकी ओढून बघावी. बंद पडलेल्या गाडीचे चाइल्ड लॉक काढूनच ठेवावेत. किल्ल्या मुलांच्या हाताला लागतील अशा खिळ्यावर टांगू नयेत. सोसायट्यांनी आपल्या आवारातल्या बेवारस गाड्यांची दारं आजच ओढून पाहावीत, आणि महापालिकांनी रस्त्यावरच्या अशा गाड्या निदान उन्हाळ्याच्या तोंडाशी तरी उचलाव्यात.

चार-पाच वर्षांच्या मुलाला तीन गोष्टी शिकवता येतात. मागचं दार उघडलं नाही तर मधून चढून पुढच्या सीटवर जायचं आणि पुढचं दार उघडायचं, तिथे चाइल्ड लॉक नसतो. तेही उघडलं नाही तर लाल त्रिकोणाचं, बाहेरचे दिवे लुकलुकवणारं बटण दाबायचं; बॅटरी जिवंत असेल तर ते किल्लीशिवाय चालतं. आणि हॉर्न दाबत राहायचं. काही गाड्यांत किल्ली बंद असताना हॉर्न वाजत नाही, तेव्हा आपल्या गाडीत वाजतो का ते एकदा पाहावं.

मूल गाडीत आहे हेच विसरणं हा वेगळा प्रकार. अमेरिकेत १९९८ पासून गाडीतल्या उष्णतेने झालेल्या मुलांच्या मृत्यूंची नोंद ठेवली जाते, तिथे निम्म्याहून जास्त मृत्यू या प्रकारातले. आपल्याकडे मे २०२४ मध्ये राजस्थानात कोटा जिल्ह्यात लग्नाला गेलेल्या कुटुंबातली तीन वर्षांची मुलगी अशीच गेली. आई मोठ्या मुलीला घेऊन उतरली, वडील गाडी लावायला गेले, आणि धाकटी दुसऱ्याजवळ असेल असं दोघांनाही वाटलं. यात निष्काळजी आईबाप शोधू नयेत. रोजची वाट बदलली, मूल मागे शांत झोपलं की कुणाच्याही मेंदूत असं होऊ शकतं. उपाय साधे आहेत. गाडीतून उतरताना एकाने तोंडाने म्हणायचं, 'बाळ माझ्याकडे.' मोबाईल किंवा डावी चप्पल मागे, मुलाच्या पायाशी ठेवायची. पाळणाघराशी बोलून ठेवायचं की मूल वेळेवर आलं नाही तर दहा मिनिटांत फोन करा, मेसेज नको. शाळेच्या व्हॅनवाल्याने गाडी लावताना शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन वाकून बघायचं. इटलीत चार वर्षांखालच्या मुलाच्या सीटला, मूल मागे राहिलं तर वाजणारं यंत्र २०१९ पासून सक्तीचं आहे. आपल्या परिवहन खात्याने निदान लायसन्सच्या परीक्षेत यावर एक प्रश्न घालावा.

बंद गाडीत मूल दिसलं तर? आधी चारही दारं ओढून बघा, बरेचदा एखादं उघडं असतं. मूल हाकेला ओ देत असेल तर एकाने मालकाला शोधावं, दुसऱ्याने ११२ लावावा, तिसऱ्याने काचेपाशीच थांबावं. मूल मलूल असेल तर कुणाची वाट बघू नका, काच फोडा. पुढची काच फोडू नका, ती दोन थरांची असते, तडकते पण पडत नाही. मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच घ्या. मधोमध मारलेला दगड उसळून येतो. कोपऱ्यात, टोकदार लोखंडाने मारा. व्हील पान्याचं टोक चालतं. हाताला कापड गुंडाळा. कायद्याची भीती नको: मोठी हानी टाळण्यासाठी सद्हेतूने केलेलं नुकसान भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा ठरत नाही. आग पसरू नये म्हणून शेजारची घरं पाडणाऱ्या माणसाचं उदाहरण त्या कलमातच दिलं आहे.

मूल बाहेर काढल्यावर सावलीत न्या, सगळे कपडे उतरवा, अंगावर साधं नळाचं पाणी ओता आणि पुठ्ठा, वही, जे मिळेल त्याने जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा. १०८ ला फोन करा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत आणि ती आल्यावरही पाणी-वारा थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. तापाचं औषध देऊ नका. पॅरासिटामॉल आजाराच्या तापावर चालतं, या तापावर नाही, उलट आधीच ताणलेल्या यकृतावर भार पडतो. कांदा चोळण्यात मिनिटं घालवू नका.

आपल्या वार्ताहरांना दोन विनंत्या. पोलिसांनी 'गुदमरून' म्हटलं तरी त्या दिवशीचं तापमान आणि गाडी उन्हात होती का, हे बातमीत असू द्यावं. आणि मूल हरवल्याची बातमी देताना शोधण्याचा क्रमही छापावा. नागपूरची ती तीन मुलं दुसऱ्या दिवशी घरापासून हाकेच्या अंतरावरच्या गाडीत सापडली. मूल दिसेनासं झालं की पहिल्या पाच मिनिटांत विहीर, हौद, पाण्याची टाकी. लगेच पुढच्या पाच मिनिटांत आसपासची प्रत्येक उभी गाडी, काचेवरची धूळ हाताने पुसून, डिकी उघडून. बसस्टँड आणि नातेवाईक त्यानंतर.

आपले,
एक बालरोगतज्ज्ञ आणि एक ऑटो इलेक्ट्रिशियन, नागपूर