आई-बाबांना गोल्ड कोस्ट मोकळे करून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव चारचौघांत घेतलेले तुम्हाला रुचणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे या पत्रात ते लिहीत नाही; आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट शहरात, ब्रॉडबीच भागातल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये माझी परिषद होती आणि आयुष्यात प्रथमच परदेशी निघालेले आई-बाबा माझ्यासोबत होते. मी दिवसभर सभागृहात असणार आणि ते दोघे खोलीत बसून माझी वाट पाहणार, या विचाराने साताऱ्याहून निघण्याआधीच माझा जीव कासावीस झाला होता. मैत्रिणीकडून तुमचा नंबर मिळाला तेव्हा मला एवढेच विचारायचे होते की, त्यांना फिरवून आणणारा एखादा भरवशाचा टॅक्सीवाला मिळेल का. तुम्ही म्हणालात, "टॅक्सी कशाला? काका-काकू आपले आपण फिरतील." त्या क्षणी मला ते खरे वाटले नव्हते. आईचे गुडघे दुखतात, बाबांचे इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरते, आणि शहर सत्तावन्न किलोमीटर किनाऱ्यावर उत्तर-दक्षिण पसरलेले. तरीही तसेच झाले, आणि ते तुमच्यामुळे झाले.

आम्ही पोहोचलो त्याच संध्याकाळी तुम्ही कामावरून परस्पर ट्राम पकडून साउथपोर्टहून नॉर्थक्लिफला आमच्या खोलीवर आलात. हातात डबा होता आणि एक शाळकरी वही होती. डब्यातल्या थालीपिठांचे आभार आईने तेव्हाच मानले आहेत. मी वहीबद्दल लिहिते आहे. आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या ठसठशीत अक्षरांत तुम्ही एका पानावर एकच ठिकाण लिहिले होते. पहिल्या पानावर ट्रामची सरळ रेघ: एका टोकाला हेलेन्सवेल, दुसऱ्या टोकाला ब्रॉडबीच साउथ, मध्ये आमचे नॉर्थक्लिफ लाल शाईने गोल केलेले. खाली सूचना: "ट्रामच्या कपाळावर शेवटच्या थांब्याचे नाव असते. दवाखाना, साउथपोर्ट, ब्रॉडवॉटरची बाग इकडे जायचे असेल तर हेलेन्सवेलची ट्राम. बर्ली, करंबिन, कूलंगटा इकडे जायचे असेल तर ब्रॉडबीच साउथची ट्राम आणि तिथून सातशे नंबरची बस." छापील नकाशात सगळे असते, पण सत्तरीच्या माणसाला थांब्यावर उभे राहिल्यावर नेमका कोणता प्रश्न पडतो, हे त्यात नसते. तुम्ही प्रत्येक पान त्या प्रश्नापासून सुरू केले होते.

बाबांनी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली, हे तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांतच कळले, आणि त्यानंतर तुम्ही ज्या आदराने त्यांच्याशी त्या शहरातल्या वाहतुकीबद्दल बोललात ते मी विसरणार नाही. पत्र्याचा तिकिटांचा ट्रे आणि पंच वागवलेल्या माणसाला बिनकंडक्टरची गाडी कशी चालते, हे समजून घ्यायचेच होते. तुम्ही त्यांना सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातून तिघांसाठी तीन गो कार्डे, म्हणजे तिकिटाऐवजी वापरायची प्रवासाची कार्डे, घेऊन दिलीत, एका कार्डावर तिघांना जाता येत नाही हे सांगितलेत, आणि बसमध्ये यंत्र दाराशी असते पण ट्रामचे यंत्र फलाटावर असते, म्हणून ट्राम येण्याआधीच कार्ड टेकवायचे आणि उतरल्यावर फलाटावर पुन्हा टेकवायचे, हे दोनदा करून दाखवलेत. गोल्ड कोस्ट ज्या राज्यात येते त्या क्वीन्सलँडच्या सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये बस, ट्राम, रेल्वे आणि फेरीचे भाडे सरसकट ५० सेंट केले, आधी सहा महिन्यांसाठी आणि मग कायमचे, हे ऐकल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. ५० सेंट म्हणजे आपले साधारण तीस रुपये. ट्राममधून उतरून ठरावीक वेळेत बस पकडली तर तो एकच प्रवास धरतात. फक्त ब्रिस्बेन विमानतळाच्या एअरट्रेन या रेल्वेला हा दर लागू नाही, हे तुम्ही आम्ही निघण्याआधीच कळवले होते, त्यामुळे त्या स्टेशनवर आमचा गोंधळ उडाला नाही. बाबांनी विचारले, एवढे स्वस्त आहे तर उतरताना कार्ड कशासाठी टेकवायचे? कोण कुठे चढले आणि कुठे उतरले याची नोंद राहिली तरच पुढच्या गाड्या नीट लावता येतात, हे तुमचे उत्तर त्यांना इतके पटले की त्यानंतर ते आईला उतरल्या उतरल्या आठवण करू लागले.

२०१४ मध्ये सुरू झालेली आणि राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर, डिसेंबर २०१७ मध्ये, हेलेन्सवेलच्या रेल्वे स्टेशनपर्यंत वाढवलेली ही ट्राम नसती तर आईचे फिरणे झालेच नसते. फलाट आणि ट्रामचा तळ एका पातळीत, त्यामुळे पायरीच नाही. दिवसा सात-आठ मिनिटांनी पुढची गाडी, त्यामुळे धावाधाव नाही. सर्फबोर्ड ठेवायला आत वेगळी जागा आहे आणि अनवाणी, ओल्या अंगाची मुले तिथे बोर्ड टेकवून उभी राहतात, हे आईने मला संध्याकाळी मोठ्या कौतुकाने सांगितले. बसचे तुम्ही सांगितलेले एक मात्र बाबांच्या मनाला फार भिडले. तिथे उतरणारा प्रत्येक जण ड्रायव्हरला "थँक यू" म्हणतो, मागच्या दाराने उतरणारासुद्धा तिथूनच आवाज देतो. "काका, तुम्हीही म्हणा," असे तुम्ही सांगितलेत. उभी हयात प्रवाशांच्या तक्रारी ऐकलेल्या माणसाने ते शब्द दर वेळी किती मनापासून उच्चारले, हे पाहायला तुम्ही हव्या होतात.

समुद्राबद्दल मात्र तुमचे आभार वेगळे मानायला हवेत, कारण तिथे प्रश्न जिवाचा होता. कोकणात सहलीला गेलेली घाटावरची माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. आम्ही घाटावरचेच, पाणी म्हणजे आम्हाला नदी आणि धरण. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आईला नॉर्थक्लिफच्या वाळूवर उभे केलेत आणि पाण्यात पाय न घालता नुसते बघत राहायला सांगितलेत. दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्याशुभ्र फुटत होत्या आणि मध्ये एक गडद, गुळगुळीत पट्टा होता, तिथे लाट फुटतच नव्हती. आई म्हणाली, "तिथे पाणी निवांत दिसतेय." तुम्ही तिचा हात धरून म्हणालात, "काकू, तिथेच जायचे नाही." किनाऱ्याशी साठलेले पाणी त्या खोल चरातून आत समुद्रात ओढले जाते, त्यालाच तिकडे रिप म्हणतात, हे सांगून तुम्ही त्या पट्ट्यावरचा फेस बघायला लावलात. तो किनाऱ्याकडे येत नव्हता, आत चालला होता. एकदा ते दिसल्यावर आईला पुढे प्रत्येक किनाऱ्यावर ते आपोआप दिसू लागले.

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पाण्यावर जीवरक्षकांची नजर असते; वाळूचे उंचवटे आणि चर सरकले की तेही झेंडे सरकवतात, म्हणून काल उतरलो त्याच जागी आज उतरायचे असे नाही, आधी झेंडे शोधायचे. महापालिकेचे जीवरक्षक बारा महिने असतात आणि हंगामात शनिवार-रविवारी लाल-पिवळ्या टोप्यांतले स्वयंसेवक येतात. ओढले गेलोच तर प्रवाहाशी झुंजायचे नाही, तरंगत राहायचे आणि हात उंच करायचा. हे सारे तुम्ही वहीत लिहिले होतेच, पण त्या पानावर वरच्या बाजूला चौकटीत एकच ओळ होती: "झेंडे नाहीत तर पाणी नाही." ती ओळ आई-बाबांनी शब्दशः पाळली. मी सभागृहात बसलेली असताना ते समुद्राकाठी आहेत हे माहीत असूनही माझे लक्ष माझ्या कामावर राहिले, ते त्या एका ओळीच्या भरवशावर. आईला पोटरीभर शांत पाणी हवे होते, त्यासाठी तुम्ही साउथपोर्टची ब्रॉडवॉटर पार्कलँड्स सुचवलीत. तिथे खाडीचे पाणी, पुढ्यात लाटा नाहीत, आणि त्याच नावाचा ट्रामचा थांबा.

दिवस कसा मांडायचा, हेही तुम्हीच शिकवलेत. आपल्या कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, तिथे तो समुद्रातून वर येतो. ऑक्टोबरात पहाटे पाचच्या सुमारासच. दुपार कलली की सर्फर्स पॅरडाइजच्या उंच इमारतींची सावली वाळूवर उतरते. म्हणून समुद्र सकाळी, टोपी आणि सनस्क्रीन लावून, आणि ऊन चढले की झाडांकडे. क्यू-वन या ३२२ मीटर उंच इमारतीच्या ७७ व्या मजल्यावरून शहर बघायला मी त्यांना नेले. छान होते, पण घरी आल्यावर त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. बोलतात ते बर्ली हेड्सबद्दल.

मूळ रहिवासी ज्याला जेलरगल म्हणतात त्या डोंगरटोकाचे तुमचे पान सगळ्यांत सविस्तर होते: सातशे नंबरच्या बसमधून कुठे उतरायचे, गुडघे दुखणाऱ्या माणसाने कोणत्या बाजूने चढायचे नाही, बाक कुठे आहे, स्वच्छतागृह कुठे आहे. शेवटी लिहिले होते: "काकू, इथे घाई करू नका. ऑक्टोबरात हंपबॅक व्हेल पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे अंटार्क्टिकाला परत निघालेले असतात. पाण्यावर फवारा दिसतो का बघत राहा." त्या दिवशी चहाच्या सुट्टीत आईचा फोन आला. आधी तिला धड बोलताच येईना. फवारा दिसला होता, मग काळी पाठ, आणि मागोमाग एक लहान पाठ. आई आपल्या आनंदाबद्दल कधी बोलत नाही. त्या दिवशी ती पाच मिनिटे मला फोन ठेवू देत नव्हती.

करंबिनच्या अभयारण्यात पोपटांनी तिच्या हातातल्या ताटलीवर गर्दी केली, त्याचा फोटो तुमच्याकडे आहेच. १९४७ च्या सुमारास ॲलेक्स ग्रिफिथ्स नावाच्या फुलशेती करणाऱ्या माणसाने, हे रंगीबेरंगी लोरिकीट आपली फुले खातात म्हणून त्यांना वेगळे खायला घालायला सुरुवात केली आणि त्यातून ते अभयारण्य उभे राहिले, ही तुम्ही वहीत लिहिलेली गोष्ट आईने साताऱ्यात परतल्यावर सगळ्या आळीला सांगितली आहे. कूलंगटाच्या पानावरची सूचनाही कामी आली. रस्त्यापलीकडचे ट्वीड हेड्स न्यू साउथ वेल्समध्ये येते, तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि क्वीन्सलँडमध्ये जात नाही; फोन मधूनच वेळ बदलून दाखवू लागला तेव्हा बाबा गोंधळले नाहीत, मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे बसच्या थांब्यावर आले.

तुमच्या सुट्टीच्या रविवारी तुम्ही आम्हाला गाडीने स्पिट या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्याच्या टोकाला नेलेत. ते आमच्या यादीत नव्हते, बाबांसाठी तुम्ही मुद्दाम ठरवले होते. तिथला किनारा म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे अखंड सरकणारी वाळू. खाडीचे तोंड दगडी बांध घालून पक्के केल्यावर ती वाळू अडली असती आणि पलीकडच्या साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाची धूप झाली असती. म्हणून १९८६ पासून जेट्टीवरचे पंप ती उपसून खाडीखालच्या नळांतून पलीकडे सोडतात, वर्षाला सुमारे पाच लाख घनमीटर. बाबा जेट्टीवर उभे राहून ते काम किती वेळ बघत होते! त्यांना काय आवडेल हे मला, त्यांच्या मुलीला, सुचले नव्हते. तुम्हाला दोन-तीन भेटींत उमगले.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, गो कार्डांचेही नाही. साताऱ्याहून पाठवलेले कंदी पेढे कस्टममध्ये अडकतील, म्हणून तेही पाठवता येत नाहीत. तुम्ही भारतात याल तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला या. कास, सज्जनगड, ठोसेघर, तुम्ही म्हणाल तिथे बाबा तुम्हाला एसटीने नेणार आहेत आणि पाने त्यांनी आतापासून लिहायला घेतली आहेत.

एक विनंती आहे. आईच्या भजनी मंडळातल्या एक काकू पुढच्या वर्षी मुलाकडे ब्रिस्बेनला जाणार आहेत आणि त्यांनी ती वही मागितली आहे. तुमची हरकत नसेल तर तिच्या प्रती काढून त्यांना आणि आणखी कोणाला हव्या असतील त्यांना द्याव्यात, असे आईच्या मनात आहे; तुमचे नाव त्यावर असणार नाही. आम्ही होतो तेव्हा ब्रॉडबीच साउथच्या पुढे बर्लीपर्यंत ट्रामच्या रुळांचे काम चालले होते. ती सुरू झाली की सातशे नंबरच्या बसचे पान बदलावे लागेल. ते पान तुम्हीच नव्याने लिहून पाठवाल का? अक्षर तेवढेच मोठे असू द्या.

आपली कृतज्ञ,
साताऱ्याच्या काका-काकूंची मुलगी